दर्यात बुडालेल्या दऱ्या

इंटरनेटवरच्या मराठी प्रवासवर्णनांत सह्याद्रीचा भूगोल अलीकडे बराच बदलला आहे. तिथे 'खोल दर्या' असतात, 'डोंगर आणि दर्या' असतात, एखादा उत्साही ट्रेकर 'दोन दर्यांच्या मधल्या धारेवरून' चालत जातो. दर्या म्हणजे समुद्र. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं दऱ्या, दरीचं अनेकवचन. लग्नाच्या वर्णनात 'आचार्यांनी' जिलेब्या तळलेल्या असतात. ग्रामीण कथेत 'गवताच्या भार्यांखाली' वाकलेला शेतकरी भेटतो; त्याला भारा उचलायचा होता, लेखकाने त्याच्या डोक्यावर बायका दिल्या.

हे वाचून आधी हसू येतं आणि मग ठरलेली चर्चा सुरू होते. शुद्धलेखन राहिलं नाही, मुद्रितशोधक राहिले नाहीत, इंग्रजी शाळांनी वाट लावली, वगैरे. मला या खटल्यात आरोपीच चुकीचा पकडला आहे असं वाटतं. यातल्या कुठल्याही लेखकाच्या हातात कागद-पेन द्या आणि 'दऱ्या' लिहायला सांगा. तो बरोबरच लिहील. सूर्य लिहिताना र डोक्यावर चढवायचा आणि सुऱ्या लिहिताना तो य च्या डाव्या अंगाला चिकटवायचा, हे मराठी शिकलेल्या हाताला न विचारता कळतं. हाताला जे येतं ते बोटांना का येत नाही, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी लेखकाच्या बोटांखालची वस्तू वाचायला हवी. पुस्तक वाचतो तशी: तिचे कर्ते कोण, त्यांनी भाषेबद्दल काय गृहीत धरलं, कुणाला पुढे बसवलं आणि कुणाला कोपऱ्यात.

आधी त्या अक्षराबद्दल. दऱ्या, शेतकऱ्यांना, बिऱ्हाड, वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा यांत य किंवा ह च्या डावीकडे जी छोटी वळणदार रेघ असते, तिचं नाव शाळेत मला कुणी सांगितलं नाही. युनिकोडच्या इंग्रजी दस्तऐवजांत तिला पापणीची उपमा दिली आहे. उपमा चांगली आहे, म्हणून मीही तिला पापणी म्हणतो. दुसरा तो रफार: सूर्य, कार्य, धैर्य. दोन्हींत र आणि य च आहेत, पण उच्चार वेगळा. 'दर्या' म्हणताना र चा भार द वर येतो, 'दऱ्या' म्हणताना द मोकळा राहतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बहुतेक रफार घेतात. मराठीने स्वतः केलेली रूपं, म्हणजे दरीची दऱ्या, वारीची वाऱ्या, शेतकरीचं शेतकऱ्यांना, पापणी घेतात. म्हणजे हे चिन्ह नुसतं वळण नाही. शब्द कुठून आला, याची ती खूण आहे.

कविता लिहिणाऱ्यांना तर हा हिशेब मात्रांत मोजता येतो. जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व अक्षर आघात आला की गुरू होतं. पापणीच्या र मुळे आघात येत नाही, म्हणून ते लघूच राहतं. 'दऱ्या' म्हणजे लगा, 'दर्या' म्हणजे गागा. अक्षरगणवृत्तात बांधलेल्या गझलेत एकाच्या जागी दुसरा छापला, तर ओळ तिथेच अडखळते. इंटरनेटवर वाचलेल्या काही गझलांबद्दल 'वृत्त सुटलंय' असे प्रतिसाद मी पाहिले आहेत, जिथे कवीचं वृत्त शाबूत होतं आणि फक्त पापणी गळलेली होती.

आता कळफलक. मराठीसाठी सरकारमान्य असलेली मांडणी म्हणजे इनस्क्रिप्ट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ती आणली, आणि १९९१च्या आयएस १३१९४ या मानकात ती इस्की या संकेतावलीसोबत जोडली गेली. विंडोज, लिनक्स, मॅक, सगळीकडे ती असते. माझ्या ओळखीतले फार थोडे लोक ती वापरतात. सरकारी कचेरीचा वास येतो म्हणून असेल, किंवा ती शिकायला पंधरा दिवस लागतात म्हणून. मी ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकलो आणि आजतागायत तिचा चाहता आहे. म्हणूनच तिच्यावर टीका करायचा हक्क आपल्याला आहे, असं मी धरून चालतो.

आधी कौतुक. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. डाव्या हाताच्या मधल्या ओळीत एफ वर ऱ्हस्व इकार, बरोबर त्याच्या डोक्यावर आर ला दीर्घ ईकार. जी वर ऱ्हस्व उकार, त्याच्या वर टी ला दीर्घ. ए वर ओकार, त्याच्या वर क्यू ला औकार. शिफ्ट दाबून तीच कळ मारली की मात्रेऐवजी पूर्ण स्वर. उजवीकडे के वर क, शिफ्टने ख. त्याच्या वरच्या आय वर ग, शिफ्टने घ. एल वर त-थ, वर ओ वर द-ध. म्हणजे मधल्या ओळीत कठोर वर्ण, वरच्या ओळीत मृदू, आणि शिफ्ट म्हणजे हकार मिसळणं. आपण लहानपणी घोकलेली वर्णमाला कुणीतरी घडी घालून इंग्रजी कळांच्या तीन ओळींत बसवली आहे. इंग्रजीची क्वर्टी मांडणी हा इतिहासाचा गाळ आहे. इनस्क्रिप्टमागे विचार आहे. मराठी बहुतेक व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर असं चालतं, त्यामुळे हात आळीपाळीने पडतात आणि 'होता' असे शब्द तबल्यासारखे वाजतात.

मात्र ही मांडणी मराठीसाठी लिहिलेली नाही. ती एकाच वेळी सगळ्या ब्राह्मीकुलीन लिप्यांसाठी लिहिलेली आहे आणि तिची सगळी गुणदोषांची गोष्ट या एका निर्णयातून निघते. माझ्या शेजारी बसणारी कन्नडभाषक सहकारी माझ्या कीबोर्डवर, कळांवर काही छापलेलं नसताना, धडाधड कन्नड लिहिते. तिचा ळ आणि माझा ळ एकाच कळेवर आहेत: शिफ्ट आणि एन. तमिळचा ळ तिथेच, मल्याळमचा तिथेच, गुजरातीचाही तिथेच. हे मला आजही थोडं भारावून टाकतं. एवढ्या भाषांचं एकमत एका कळेवर क्वचितच होत असेल.

पण संयुक्त कुटुंबात राहायचं तर खोली लहान मिळते. मराठीत ण आणि ळ पावलोपावली लागतात. दोघंही तळमजल्यावर, शिफ्टच्या मागे. 'आणि' हा आपला सगळ्यांत घासलेला शब्द. तीन ठोक्यांत दोनदा शिफ्ट. उलट उजव्या कडेला पी च्या पलीकडची एक कळ शिफ्टशिवाय, मोकळीढाकळी, नुक्त्याला दिलेली आहे. ज़ आणि फ़ लिहिणाऱ्या हिंदीला तो लागतो. मराठी माणूस महिनोन्‌महिने त्या कळेला हात लावत नाही. य च्या कळेवर शिफ्ट दाबलं की खाली टिंब दिलेला य़ येतो, कारण बंगालीला दोन य हवेत. त्या बदल्यात त्या कळेवरचं प्रश्नचिन्ह गेलं. एकच्या कळेवरचं उद्गारचिन्हही गेलं. म्हणजे मूळ इनस्क्रिप्टमध्ये मराठीत प्रश्न विचारायचा असेल, तर क्षणभर इंग्रजीत जाऊन यावं लागतं. सरकारी मसुद्यात प्रश्न आणि उद्गार दोन्ही लागत नाहीत, असं समितीला वाटलं असावं. कथालेखकाला मात्र संवाद लिहिताना दर चार ओळींनी भाषा बदलावी लागते. पूर्णविरामाच्या कळेवर शिफ्टने हिंदी-संस्कृतचा दंड मिळतो, तो मराठी गद्याला नको असतो. नको ते मिळतं आणि हवं ते शेजारच्या घरातून आणायचं.

आणि पापणी? ती आहे. जे वर र, शिफ्ट-जे वर ऱ, म्हणजे खाली टिंब दिलेला र. त्याला हलन्त लावून य किंवा ह जोडला की पापणी उमटते. पण हा ऱ तिथे मराठीसाठी आलेला नाही. युनिकोडच्या तक्त्यात यू+०९३१ या जागेसमोर त्याचं काम लिहिलं आहे: द्राविडी भाषांतला वेगळा र देवनागरीत लिहिण्यासाठी. तमिळच्या मांडणीत त्याच कळेवर तमिळचा तो दुसरा र बसलेला आहे. सगळ्या लिप्यांना एका साच्यात बसवायचं म्हटल्यावर देवनागरीतही त्याचा प्रतिनिधी लागला. मराठीची पापणी या तमिळ पाहुण्याच्या अर्ध्या रूपात सामावली गेली. तक्त्यात तशी एक छोटी टीप आहे. मराठीतल्या शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना तमिळच्या दारातून आत यावं लागतं.

मला यात अपमान दिसत नाही. उलट ही अडचण नीट सोडवली गेली असती, तर तिचा मला अभिमानच वाटला असता. तक्रार वेगळी आहे. ज्या चिन्हाचा मराठीत अर्थ 'अर्धा र, आघाताविना' असा आहे, ते टंकायला 'टिंब असलेला, मराठीत नसलेला र' आठवावा लागतो. लिहिणाऱ्याच्या मनात असा वर्ण नसतोच. त्याच्या मनात र आहे, तो र दाबतो, हलन्त दाबतो, य दाबतो, आणि मशीन निमूटपणे रफार काढून देतं. मांडणीचं बाकीचं व्याकरण इतकं तर्कशुद्ध आहे की हा एकच अपवाद कुणी शोधायला जात नाही. 'ऱ्हस्व' हा शब्दसुद्धा या अपवादाशिवाय लिहिता येत नाही. ज्या मांडणीने ऱ्हस्व-दीर्घाला एवढी देखणी जागा दिली, तिच्यात ही गंमत आहे.

ॲ चं दुखणं याच जातीचं. बॅट, बँक, ॲप हे स्वर मराठीत इतके मुरले आहेत की ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत जागा मिळाली. मूळ इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-एकवर जे येतं ते ऍ, म्हणजे ए च्या डोक्यावर चंद्र. मराठी डोळ्याला ते खटकतं. मराठीचा स्वतःचा ॲ युनिकोडमध्ये आला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत लोकांनी अ काढून त्यावर चंद्र बसवायची युक्ती केली होती, जी सावरकरांच्या अ च्या बाराखडीत शोभली असती, पण युनिकोडला मान्य नाही. परिणाम असा की वकिलाच्या पाटीवरचं 'ॲड.' आज संगणकात तीन वेगवेगळ्या प्रकारे साठवलेलं असतं आणि त्यातले दोन बहुधा अगदी सारखे दिसतात. सुधारित इनस्क्रिप्टने हे बरंचसं निस्तरलं, पण जुन्या मांडण्या जिथे होत्या तिथे आहेत.

सारखं दिसणं आणि सारखं असणं यांतला हा फरक माझ्या पोटापाण्याचा विषय आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका ग्राहकाचा मराठी मजकुराचा मोठा साठा आला: परिपत्रकं, अर्ज, निवेदनं. त्यात 'शेतकऱ्यांना' शोधलं की काही कागद सापडायचे आणि काही, ज्यांत हा शब्द डोळ्यांना स्पष्ट दिसत होता, ते सापडायचे नाहीत. कारण पापणी दोन प्रकारे लिहिता येते. एक, वर सांगितलेला टिंबाचा ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. हा दुसरा मार्ग युनिकोडने आपल्या दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून कायम ठेवला आहे. दोन्ही पडद्यावर तंतोतंत एकच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन परके शब्द आहेत, आणि मजकूर एकरूप करण्याचे युनिकोडचे जे प्रमाणित नियम आहेत, तेही या दोघांना एक मानत नाहीत.

पण साठ्यात तिसराही गट निघाला: सरळसरळ 'शेतकर्यांना'. पुन्हा शुद्धलेखनाची हळहळ करायची वेळ. मूळ फायली उघडून पाहिल्या, तर त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी शब्द बरोबर होता. मधल्या एका टप्प्यावर कुणीतरी मजकूर 'स्वच्छ' करणारा प्रोग्रॅम लावला होता. त्याने न दिसणारी सगळी चिन्हं कचरा समजून काढून टाकली. अदृश्य जोड गेला, पापणी मिटली, रफार डोक्यावर बसला. कारकुनाने काळजीपूर्वक बरोबर लिहिलेला शब्द यंत्राने चुकीचा केला होता आणि चूक कायमची कारकुनाच्या नावावर जमा झाली. हा प्रकार एकाच ग्राहकापुरता नाही. न दिसणारं ते निरुपयोगी, ही आमच्या धंद्यातली सवयच आहे. विनोद असा की व्हॉट्सॲपवर आपण आई-बाप-मुलं असं जे कुटुंबाचं चित्र पाठवतो, ते आतून हाच अदृश्य जोड वापरून तीन-चार माणसं चिकटवून बनवलेलं असतं. तो काढला तर कुटुंब विभक्त होऊन पडद्यावर सुटं उभं राहतं, सगळ्यांच्या लक्षात येतं आणि दुरुस्ती त्याच आठवड्यात होते. शेतकऱ्यांची पापणी गळली तर तशी धावपळ होत नाही.

इनस्क्रिप्ट नको, तर लोक काय वापरतात? रोमनमध्ये बडबडायचं आणि मशीनने मराठी करून द्यायचं. याच्या जुन्या घराण्यात, म्हणजे फोनेटिक मांडण्यांत, निदान शिस्त होती. काहींत मोठ्या लिपीतला आर म्हणजे ऱ, मोठा एल म्हणजे ळ, आणि ज्ञ साठी मराठी माणूस डी-एन-वाय दाबतो, हिंदीवाला जी-वाय. नियम विचित्र असले तरी ते लेखकाला माहीत असत; पापणी हवी म्हणून तो हेतुपुरस्सर शिफ्ट दाबायचा. मराठी संस्थळांवरची पहिली पिढी अशीच लिहायला शिकली आणि त्या काळच्या लेखनात पापणी बऱ्यापैकी शाबूत दिसते.

आताच्या फोनमध्ये नियम नाही, अंदाज आहे. आपण रोमनमध्ये काहीतरी लिहायचं, तो तीन पर्याय दाखवणार. रोमन लिपीत दऱ्या-दर्याचा फरक नाहीच, त्यामुळे तो कुठल्या साठ्यात काय जास्त वेळा पाहिलं यावरून ठरवतो. 'शेतकऱ्यांना' वारंवार येणारा शब्द, तो बहुधा बरोबर मिळतो. 'भाऱ्यांखाली' मिळणं नशिबावर. आणि ज्या साठ्यावरून तो शिकतो तो इंटरनेटवरूनच गोळा केलेला, म्हणजे ज्यात पापण्या आधीच गळलेल्या आहेत तो. आज टंकलेली दर्या उद्या दुसऱ्याला पहिला पर्याय म्हणून दिसते.

साहित्याच्या बाजूने पाहिलं तर पापणीपेक्षाही मोठं नुकसान इथे आहे, आणि त्याबद्दल समीक्षकांनी लिहायला हवं. अंदाज बांधणारा कळफलक प्रमाण शब्दाकडे ओढतो. बोलीत लिहिणाऱ्या लेखकाने 'येळ', 'व्हतं', 'म्हनून' लिहायला घेतलं की तो नम्रपणे 'वेळ', 'होतं', 'म्हणून' पुढे करतो. एका संवादात पात्र 'पानी' म्हणतं आणि चार ओळींनी 'पाणी', तेव्हा ही लेखकाची बेपर्वाई, संपादकाची डुलकी की अंगठा चुकून पहिल्या पर्यायावर पडला, हे छापील पानावरून सांगता येत नाही. न आणि ण मधला तो फरक एखाद्या पात्राचं गाव, जात, शाळा सांगत असतो. इनस्क्रिप्टला ही ओढ नाही. ती तुम्हाला दुरुस्त करत नाही, सुचवत नाही. व्ही दाबलं की न, शिफ्ट-सी दाबलं की ण. प्रश्नचिन्ह गिळणाऱ्या या सरकारी मांडणीत बोलीभाषेच्या लेखकाला जेवढं स्वातंत्र्य आहे, तेवढं आधुनिक, हुशार कळफलकात नाही, असं माझं मत आहे. फक्त शिफ्ट-जे कुणीतरी दाखवायला हवं.

तोपर्यंत वेबवर मराठी छापणाऱ्या संपादकांसाठी एक कामचलाऊ पद्धत. अंक चढवण्याआधी सगळ्या मजकुरात 'र्ह' शोधा. तो जवळजवळ नेहमीच चूक असतो. अर्ह, अर्हता, गर्हणीय अशी मोजकी कुटुंबं वगळली की बाकीचे डोळे मिटून बदलता येतात. मग 'र्य' शोधा. इथे सूर्य, कार्य, धैर्य, पर्याय, पर्यंत, मर्यादा यांची रूपं बाजूला काढावी लागतात. ती यादी एकदा केली की पुढच्या अंकालाही चालते. 'र्या' आणि 'र्यां' वर संपणाऱ्या किंवा त्यापुढे प्रत्यय घेणाऱ्या शब्दांत बहुतेक चोर सापडतात. इथपर्यंतचं काम माझ्यासारखा माणूस एका संध्याकाळी प्रोग्रॅमला शिकवू शकतो, आणि तो प्रोग्रॅम अदृश्य जोडाची पापणीही टिंबाच्या ऱ मध्ये बदलून देईल, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्ही एकत्र सापडतील. शेवटी दर्या, आचार्य आणि भार्या एवढे मूठभर शब्द हातात राहतात. ते प्रोग्रॅमला देऊ नयेत. तिथे कुणीतरी बसून ते वाक्य वाचायचं आणि स्वयंपाकघरात उभा आहे तो कोण, हे ठरवायचं.